कॅबिनेटचे फॅन किती स्पीडने फिरवायचे? हवेच्या रस्त्यापासून फॅन कर्व्हपर्यंत सगळं

पीसी तापायला लागला की आपला हात सगळ्यात आधी जातो तो बायोसमधल्या (पीसी सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमधल्या) फॅन सेटिंगकडे. सगळे फॅन फुल्ल, शंभर टक्के. मग खोलीभर घरघर सुरू होते आणि टेम्परेचर बघावं तर दोन नाहीतर तीन डिग्री उतरलेलं. मग वाटतं फॅनच कमी पडतायत, अजून दोन आणूया. मीही तेच केलं होतं. नवे फॅन बसवायला म्हणून पुढचं पॅनेल ओढून काढलं तर आतल्या जाळीवर धुळीचा थर इतका दाट बसलेला, की नखाने कोपरा उचलला आणि तो अख्खा घोंगडीच्या तुकड्यासारखा सोलून हातात आला. जाळी धुतली, वाळवली, परत लावली, पीसी चालू करून अर्धा तास लोड (म्हणजे जड काम) दिला, आणि नव्या फॅनची खोकी उघडायची गरजच पडली नाही.

तेव्हापासून कुणीही विचारलं तर माझं सांगणं एकच असतं. स्पीड सगळ्यात शेवटी ठरवायचा, आधी हवेचा रस्ता मोकळा करायचा. आणि प्रत्येक कॅबिनेटचा एक असा स्पीड असतो की ज्याच्या पुढे गेलं की फक्त आवाज वाढतो, तो आकडा आपला आपण मोजूनच काढावा लागतो, दुसऱ्याचा चालत नाही.

आधी हिशोब समजून घ्या, पुढचं सगळं त्यावरच आहे

कॅबिनेटचा फॅन काहीच थंड करत नाही, तो फक्त आतली तापलेली हवा बाहेर आणि खोलीतली हवा आत अशी अदलाबदल करतो. समजा खोलीत २८ डिग्री आहे, कॅबिनेटच्या आतली हवा ३८ आणि प्रोसेसर ७८. म्हणजे खोलीचे २८, त्यावर आतल्या हवेचे १०, त्यावर कूलर आणि चिपमधल्या फरकाचे ४०. कॅबिनेटच्या फॅनच्या हातात यातले फक्त मधले १० आहेत. जगातले सगळे फॅन लावले तरी १० च्या पलीकडे काही मिळणार नाही. ते ४० कमी करायचे असतील तर कूलर, थर्मल पेस्ट (चिप आणि कूलरमधला लेप) किंवा पॉवर लिमिट (चिपने किती वीज घ्यायची त्याची मर्यादा) बघावं लागतं.

आता ते मधले १० कसे ठरतात? त्याचं साधं सूत्र आहे. पीसी किती वॉट उष्णता सोडतोय त्याला १.७६ ने गुणा आणि हवेच्या प्रवाहाने, म्हणजे सीएफएमने भागा, की आतून बाहेर जाणारी हवा खोलीपेक्षा किती डिग्री गरम असेल ते मिळतं. (सीएफएम म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा गेली.) समजा गेम खेळताना सगळा मिळून ४०० वॉट जातोय. कॅबिनेटमधून ३५ सीएफएम हवा खेळत असेल तर हवा २० डिग्रीने तापते. ७० सीएफएम केलं की १०. १४० केलं की ५. २८० केलं की अडीच. बघा, पहिल्यांदा प्रवाह दुप्पट केला तेव्हा १० डिग्री मिळाले, दुसऱ्यांदा ५, तिसऱ्यांदा अडीचच. दरवेळी मेहनत दुप्पट आणि फायदा निम्मा.

आणि त्या दुप्पट प्रवाहासाठी काय मोजावं लागतं तेही बघा. फॅनचा स्पीड दुप्पट केला तर हवा साधारण दुप्पट येते, पण दाब चौपट होतो, वीज आठपट लागते आणि आवाज साधारण १५ डेसिबलने चढतो. १० डेसिबल वाढले की कानाला तो आवाज जवळजवळ दुप्पट मोठा वाटतो, म्हणजे १५ म्हणजे किती ते लक्षात येईल. हेच उलट्या बाजूने फार उपयोगी आहे, स्पीड फक्त २० टक्के कमी केला तरी जवळपास ५ डेसिबल उतरतात आणि हवा २० टक्केच कमी होते. आणि एक फॅन फुल्ल फिरवण्याऐवजी तसेच दोन फॅन शेजारी शेजारी निम्म्या स्पीडने फिरवले तर हवा साधारण तेवढीच, आवाज मात्र १२ डेसिबलने कमी, कारण स्पीड निम्मा केल्याने १५ उतरले आणि दुसरा फॅन जोडल्याने फक्त ३ चढले. जागा असेल तर मोठे आणि जास्त फॅन हळू फिरवा असं जे म्हणतात ते याचसाठी, १४० मिमीचा फॅन बसत असेल तर १२० पेक्षा तो घ्या.

खोक्यावर छापलेल्या सीएफएमवर मात्र विसंबू नका. तो आकडा फॅन मोकळ्या हवेत, पुढे मागे काहीही अडथळा नसताना मोजलेला असतो. कॅबिनेटमध्ये पुढे जाळी, मग फिल्टर, आत केबली, कार्ड, मागे परत जाळी. प्रत्यक्षात त्याच्यापेक्षा बरीच कमी हवा खेळते.

पायरी १: आत्ता काय आहे ते लिहून ठेवा

काहीही बदलायच्या आधी मोजा, नाहीतर नंतर फायदा झाला की नुसतं बरं वाटतंय ते कळत नाही. टेम्परेचर दाखवायला विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो, लिनक्सवर एलएम-सेन्सर्स, दोन्ही फुकट आहेत. लोड कसला द्यायचा? प्राइम९५ आणि फरमार्क (प्रोसेसर आणि कार्डावर मुद्दाम कमाल ताण देणारे प्रोग्राम) एकदम चालवून पीसीचा छळ करायची गरज नाही, तुम्ही खरंच जे काम करता तेच लावा, म्हणजे गेममधली जड जागा पकडून तिथेच उभं राहा किंवा लांबलचक रेंडर लावून द्या. कमीत कमी २० ते ३० मिनिटं. पाच मिनिटांत बघितलेला आकडा उपयोगाचा नाही, कारण हीटसिंक (चिपवरचा बारीक पत्र्यांचा धातूचा ठोकळा), पत्रा, आतली हवा हे सगळं हळूहळू तापतं आणि आकडा स्थिर व्हायला वेळ लागतो.

खोलीचं टेम्परेचर सोबत लिहायलाच पाहिजे. सकाळी एक रीडिंग आणि दुपारी दुसरं घेतलंत आणि मधे खोली ४ डिग्रीने तापली तर आतले भागही साधारण तेवढेच चढणार, आणि तुम्हाला वाटेल केलेला बदल फसला. म्हणून कायम फरक लिहा, खोलीपेक्षा किती वर. थर्मामीटर भिंतीवरचा नको, साधा छोटा डिजिटल थर्मामीटर पुढच्या फॅनच्या तोंडाशी, हवा आत शिरते तिथे ठेवा. कॅबिनेट टेबलाच्या कप्प्यात कोंबलेलं असेल तर इथेच मोठा शोध लागतो, खोली २७ आणि फॅनच्या तोंडाशी ३३, म्हणजे मागून बाहेर पडलेली गरम हवा फिरून परत पुढून आत येतेय. अशा वेळी कुठलाही स्पीड काही करू शकत नाही, कॅबिनेट बाहेर काढा आणि मागे भिंतीपर्यंत वीतभर तरी जागा सोडा.

पायरी २: साइड पॅनेल काढून बघा

लोड चालू असतानाच बाजूचं पॅनेल काढा आणि १५ मिनिटं थांबा. टेम्परेचर एक दोन डिग्रीच हललं तर तुमच्या कॅबिनेटची हवा ठीक आहे, दुखणं कूलरकडे आहे, तिकडे वेळ घाला. पाच सात किंवा त्याहून जास्त उतरलं तर कॅबिनेट गुदमरलेलं आहे. काही लोक हे बघून पॅनेल कायमचंच काढून ठेवतात, ते नका करू, धूळ सगळीकडे बसते आणि ड्राइव्ह, मदरबोर्डचा पॉवरचा भाग यांच्यावरून जाणारा वाऱ्याचा ओघही तुटतो.

पायरी ३: हवेचा रस्ता

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. पीसी बंद करा, वायर काढा, पुढचं पॅनेल, वरची आणि खालची जाळी सगळं काढा. फिल्टर पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा, ओला अजिबात लावू नका. फॅनवर हवा मारताना किंवा व्हॅक्यूम लावताना पातं बोटाने धरून ठेवा, मोकळं सोडलं तर ते भलत्या वेगाने फिरतं आणि बेअरिंगचं नुकसान होतं. हीटसिंकच्या पत्र्यांमधे टॉर्च मारून आरपार दिसतंय का बघा. ग्राफिक्स कार्डचा हीटसिंक आणि पॉवर सप्लायच्या खालचा फिल्टर लोक हमखास विसरतात.

मग दिशा. फॅनच्या ज्या बाजूला मोटर धरून ठेवणाऱ्या काड्या आणि स्टिकर असतो त्या बाजूने हवा बाहेर पडते, उघडी पाती दिसतात त्या बाजूने आत ओढली जाते. काही फॅनच्या चौकटीवर बारीक बाणही असतात. पण खात्री करायची तर टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी फाडा आणि दोन पदर असतील तर वेगळे करा म्हणजे ती अगदी हलकी होते. पीसी चालू करून ती चिमटीत धरून बाहेरच्या जाळीजवळ न्या. हवा आत जात असेल तर पट्टी जाळीला चिकटते, बाहेर येत असेल तर फडफडत लांब जाते. पुढे, वर, मागे, खाली, आणि मागच्या बाजूच्या त्या बिनफॅनच्या बारीक भोकांपाशीसुद्धा फिरवा. कुठे पट्टी नुसती लोंबकळत राहिली तर तिथे फॅन फिरतोय पण हवा जात नाहीये, पुढची काच किंवा पत्रा फॅनच्या अगदी नाकाशी असला की असं होतं.

साधी मांडणी अशी की पुढून आणि खालून आत, मागून आणि वरून बाहेर. प्रोसेसरचा कूलर उभा टॉवरवाला असेल तर त्याचा फॅन मागच्या फॅनच्याच दिशेने हवा फेकतोय ना ते बघा. आता एक अशी चूक जी चांगल्या दिसणाऱ्या पीसीतही सापडते: वर तीन फॅन बाहेर फेकायला लावलेले असतात, त्यातला सगळ्यात पुढचा फॅन पुढून नुकतीच आत आलेली गार हवा प्रोसेसरपर्यंत पोचायच्या आतच वरून बाहेर ओढून घेतो. कूलर एअरवाला असेल तर तो एक फॅन काढून बघा, मोजा, आणि तिथली जाळी मोकळी राहत असेल तर झाकून पण एकदा मोजा. फॅन कमी करून टेम्परेचर उतरलेलं पाहिलं की हवेचा रस्ता म्हणजे काय ते नेमकं कळतं.

ग्राफिक्स कार्ड बहुतेक वेळा सगळ्यात मोठा हीटर असतं आणि दोन तीन फॅनवाली कार्डं आपली जवळजवळ सगळी उष्णता कॅबिनेटमध्येच सोडतात. त्यामुळे खालून किंवा पुढच्या बाजूच्या खालच्या फॅनमधून थेट कार्डाच्या पोटाशी हवा गेली पाहिजे, मधे केबलींचा गुंता किंवा जुन्या हार्डडिस्कचा रिकामा पिंजरा असेल तर तो काढून टाका. लिक्विड कूलरचा रेडिएटर (पाणी गार करणारा फॅनवाला जाळीदार भाग) पुढे असेल तर प्रोसेसर खूश पण कार्डाला गरम हवा मिळते, वर असेल तर उलट. गेमिंगसाठी मी वर लावतो. आणि लिक्विड कूलरमुळे मदरबोर्डच्या पॉवरच्या भागावर वारा लागत नाही, म्हणून मागचा फॅन काढू नका.

आत जास्त की बाहेर जास्त?

यावर लोक फार भांडतात. जेवढी हवा आत येते तेवढीच कुठून ना कुठून बाहेर जाते, प्रश्न इतकाच की फटींमधून ती आत येते का बाहेर जाते. आत ओढणारे फॅन थोडे वरचढ ठेवले तर हवा फिल्टरमधूनच येते आणि फटींमधून बाहेर पडते, धूळ कमी. बाहेर फेकणारे वरचढ असले तर प्रत्येक फटीतून बिनगाळलेली हवा आत. टेम्परेचरमधे फार फरक नसतो, धुळीत असतो. आत थोडं जास्त ठेवा, पुढे चला. फक्त फॅन मोजून ठरवू नका, दाट फिल्टरमागचे तीन फॅन उघड्या जाळीवरच्या दोघांना भारी पडतीलच असं नाही, टिश्यूची पट्टी मागच्या भोकांपाशी धरा, तीच खरं सांगते.

पायरी ४: वायर आणि मोड

४ पिनचा फॅन पीडब्ल्यूएमवर चालतो, त्याला १२ व्होल्ट कायम मिळतात आणि चौथ्या पिनवरून स्पीडचा सिग्नल जातो. ३ पिनच्या फॅनचा स्पीड व्होल्टेज कमी जास्त करून बदलतात, त्याला डीसी मोड म्हणतात. ३ पिनचा फॅन लावून बायोसमधे पीडब्ल्यूएम मोड राहिला तर तो कायम फुल्लच फिरणार, कितीही कर्व्ह (किती टेम्परेचरला किती स्पीड याचा आलेख) बदला. "स्पीड कमीच होत नाही" या तक्रारीमागे बऱ्याचदा एवढंच असतं. डीसीवर फार खाली गेलं की फॅन थांबतो, आणि थांबलेला फॅन परत सुरू व्हायला चालू ठेवण्यापेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून अगदी काठावर ठेवू नका.

एका हेडरवर (मदरबोर्डवरची फॅनची वायर खोचायची जागा) स्प्लिटरने, म्हणजे एकाचे दोन करणाऱ्या वायरने, फॅन जोडताना स्टिकरवरचे अँपिअर बेरीज करा. मदरबोर्डचं फॅन हेडर साधारणपणे १ अँपिअरचं असतं, मॅन्युअलमधे बघून घ्या, जास्त होत असेल तर पॉवर सप्लायवरून वीज घेणारा हब लावा. स्प्लिटरवर आरपीएम (मिनिटाला फेरे) एकाच फॅनचा दिसतो, दुसरा बंद पडला तरी कळत नाही, ते डोळ्यांनीच बघावं लागतं.

पायरी ५: तुमच्या कॅबिनेटचा आकडा शोधा

आता स्पीड. या चाचणीच्या वेळी ग्राफिक्स कार्डाचा आणि प्रोसेसर कूलरचा फॅन एका ठराविक टक्क्यावर लॉक करा, समजा ६० टक्के. हे नाही केलं तर काय होतं, तुम्ही कॅबिनेटचे फॅन वाढवता, कार्डाला बरं वाटतं, ते आपला फॅन हळू करतं, आणि टेम्परेचर जिथल्या तिथे दिसतं. तुम्ही म्हणता काही फरकच नाही. खरा फरक कार्डाच्या फॅनच्या स्पीडमधे लपलेला असतो.

अशीच गफलत नव्या प्रोसेसरांमधे होते. रायझन ७००० मालिकेतली बरीच मॉडेल्स जड लोडवर ९५ डिग्रीपर्यंत जायलाच बनवलेली आहेत, हवा सुधारली तर काही टेम्परेचर न उतरवता क्लॉक (कामाचा वेग) वाढवतात. तिथे डिग्रीसोबत क्लॉक आणि वॉट पण लिहा. इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप चिप १०० डिग्रीला स्वतःला आवरतात, तिथेही तेच.

मग कॅबिनेटचे सगळे फॅन ६०० आरपीएमवर ठेवा, २० मिनिटं लोड, फरक लिहा. मग ८००, १०००, १२००, १५००. कंटाळवाणं आहे, एक दुपार जाते, पण परत करायला लागत नाही. कागदावर असं काहीतरी दिसेल समजा: ६०० ला कार्ड खोलीपेक्षा ५२ वर, ८०० ला ४८, १००० ला ४६, १२०० ला ४५, १५०० ला ४४. इथे ८०० ते १००० मधे दोन डिग्री मिळाले, पुढे १००० वरून १५०० वर जायलाही दोनच मिळाले, आणि आवाज मात्र जवळपास ९ डेसिबलने वाढला. म्हणजे या पीसीचा आकडा १०००. पुढचं सगळं आणीबाणीसाठी राखून ठेवायचं.

प्रत्येक टप्प्यावर डोळे मिटून ऐका पण. काही ठरावीक स्पीडला पत्रा घुमायला लागतो, ९०० ला शांत, ९५० ला हूं असा आवाज, १०५० ला परत शांत. तो पट्टा लिहून ठेवा. आणि सारखेच दोन फॅन अगदी जवळच्या स्पीडने फिरत असतील तर आवाज लाटेसारखा कमी जास्त होतो, एकाला ५० ते १०० आरपीएमने बाजूला सरकवलं की जातो.

पायरी ६: कर्व्ह

बायोसमधे क्यू-फॅन किंवा स्मार्ट फॅन अशा नावाने कर्व्ह असतो. मूळ सेटिंगमधे कॅबिनेटचे फॅन बहुतेक प्रोसेसरच्या टेम्परेचरवर चालतात, आणि प्रोसेसर एखादं ब्राउझर टॅब उघडलं तरी क्षणभर २० डिग्री उडी मारतो, मग फॅन भुर्रकन वर आणि परत खाली, दिवसभर हेच. त्यात गंमत नाही, डोकं दुखतं. आणि खरं काम काहीच होत नाही, कारण कॅबिनेटमधली हवा एका सेकंदात तापत नसते. म्हणून स्टेप अप टाइम किंवा स्मूदिंग जे काही नाव असेल ते वाढवा, आणि हिस्टेरेसिस ३ ते ५ डिग्री ठेवा म्हणजे तेवढं टेम्परेचर खाली उतरेपर्यंत फॅन स्पीड सोडत नाही.

गेम खेळत असाल तर कॅबिनेटचे फॅन ग्राफिक्स कार्डावर चालले पाहिजेत. बरेच बायोस हे करू देत नाहीत, विंडोजवर फॅनकंट्रोल आणि लिनक्सवर कूलरकंट्रोल हे करतात, दोन्ही फुकट. प्रोसेसर आणि कार्ड यातलं जे जास्त तापलंय त्यावर चालव असं मिश्रण करता येतं. माझा कर्व्ह साधा आहे, कार्ड ५० च्या खाली असेपर्यंत ५०० ते ६०० आरपीएम, ५० ते ७० मधे हळूहळू चढत पायरी ५ मधल्या आकड्यापर्यंत, मग ८० पर्यंत सपाट, त्याच्या पुढे सरळ फुल्ल. घुमणारा पट्टा असेल तिथे कर्व्ह उभा चढवा म्हणजे फॅन तिथे रेंगाळत नाही. कॅबिनेटचे फॅन पूर्ण बंद करणं मला पटत नाही, कार्डाचे फॅन झिरो मोडमधे थांबलेले असताना आत थोडा तरी वारा हवा, आणि ५०० आरपीएमचा आवाज येतच नाही. बायोसमधेही असाच एक सुरक्षित कर्व्ह ठेवा, सॉफ्टवेअर बंद पडलं तर तोच कामाला येतो.

लिक्विड कूलरचे फॅन शक्य असेल तर पाण्याच्या टेम्परेचरवर चालवा, पाणी सावकाश तापतं त्यामुळे फॅनही शांतपणे चढतात.

झालं की पायरी १ चंच लोड परत लावा आणि नवा फरक जुन्याच्या शेजारी लिहा. मी तो कागद साइड पॅनेलच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवलाय: तारीख, खोली, लोड, आरपीएम, फरक. दोन तीन महिन्यांनी त्याच लोडवर, त्याच आरपीएमला परत मोजतो, आणि फरक तीन डिग्रीच्या वर वाढलेला दिसला की कर्व्हला हात न लावता पुढची जाळी धुवायला काढतो.